चार युरोंची आंधळी कोशिंबीर

पहिल्या पिशवीतून नऊ झेमल निघाले. झेमल म्हणजे बव्हेरियातला मुठीएवढा गोल पाव. शिवाय वर मिठाचे खडे लावलेल्या तीन ब्रेत्सन, राईचा अर्धा काळा पाव आणि जॅम भरलेले दोन क्राप्फन, आपल्या गुलगुल्यांचे गोरे, जाडे भाऊ. घरात माणसं तीन. मुलगी डाएटवर, जावई गव्हाला दचकणारा. उरले मी.

हे सगळं चार युरोंत, म्हणजे साधारण चारशे रुपयांत. सकाळी हेच घेतलं असतं तर तेरा-चौदा युरो झाले असते. टू गुड टू गो या अ‍ॅपवरून घेतलेली ही पिशवी. अडीच महिने मुलीकडे म्युनिकला होते, तेवढ्यात अशा अकरा पिशव्या झाल्या. मी पुण्यात सदाशिव पेठेत बावीस वर्षं मेस चालवली, दोन्ही वेळची मिळून साठ-पासष्ट पानं. त्यामुळे उरलेल्या अन्नाबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

व्यवस्था साधी आहे. दुकान बंद होताना जे उरेल ते पिशवीत भरतात. आत काय असेल ते घेणाऱ्याला कळत नाही. पिशवी भरेपर्यंत दुकानदारालाही नक्की माहीत नसतं. मूळ किमतीचा साधारण तिसरा हिस्सा अ‍ॅपवर आधीच भरायचा, त्यांनी दिलेल्या वेळेत दुकानात जायचं, मोबाइल दाखवायचा, पिशवी घ्यायची. 2015 साली डेन्मार्कमध्ये बुफेतलं उरलेलं अन्न फेकलं जाऊ नये म्हणून ही कल्पना निघाली आणि आता युरोपभर पसरली आहे. जर्मनीत पिशवीला ‘युबरराशुंग्सट्यूटं’ म्हणतात. मुलीनं हा शब्द मला आठ दिवस शिकवला. मी शेवटपर्यंत ‘आंधळी पिशवी’च म्हणत राहिले.

बेकरीची पिशवी डोळे झाकून घ्यावी. पाव सकाळचाच असतो, संध्याकाळी साडेसहाला तो काही विटत नाही. जर्मन माणूस पावाच्या बाबतीत फार चोखंदळ, म्हणून तो उरतो. हॉटेलच्या नाश्त्याची पिशवी एकदाच घेतली. साडेदहाला नाश्ता संपला की डबा हातात देतात आणि बुफेवरचं आपण भरायचं. त्यात आंधळेपणा काहीच नाही, सगळं डोळ्यांसमोर. मी फळं, चीज आणि उकडलेले बटाटे भरले. माझ्या पुढच्या मुलानं डबाभर फक्त बेकन भरलं.

सुपरमार्केटची पिशवी मात्र परीक्षा घेते. एका शनिवारी पाच युरोंत आली ती अशी: दीड किलो मश्रूम, चार ढोबळ्या मिरच्या, दोन कडू चिकोरी, अर्धा कलिंगडाचा तुकडा, पाच दही आणि एक सॉसेजचं पाकीट. बहुतेक दुकानं रविवारी बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी भाजी ढिगानं निघते. सॉसेज वरच्या मजल्यावरच्या आजींना दिलं, कारण आमच्याकडे ते चालत नाही. शाकाहारी पिशवी हवी असेल तर तसं लिहिलेलीच बघून घ्यायची, हे आम्हाला त्या दिवशी सुचलं नव्हतं. मश्रूमची एक रस्साभाजी, एक सुकी, एक भात. मंगळवारी जावई म्हणाले, “आई, आज मश्रूम नाही ना?” मी म्हटलं, नाही हो. सूप होतं. कशाचं ते सांगितलं नाही.

दह्यावर आदल्या दिवसाची तारीख होती. मुलीनं ती वाचून दाखवली आणि अर्थही सांगितला: ‘निदान अमुक तारखेपर्यंत तरी चांगलं राहील.’ म्हणजे त्यानंतर फेका असं नव्हे. खिम्यासारख्या नाजूक मालावर वेगळी तारीख असते, ‘अमुक तारखेच्या आत संपवा’, ती मात्र पाळायची. आमच्या मेसमध्ये तारीख नव्हती, नाक होतं. ते इथंही चाललं. पाचांपैकी पाचही दही उत्तम, दोनांची कढी केली.

वाईट अनुभव एकच, आणि तो दुकानाचा. मुलीच्या ऑफिसजवळच्या एका कॅफेची पिशवी घेतली. आत दोन झेमल आणि पाल्यानं मान टाकलेलं एक सँडविच. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही मागून न्यायला आलोय. पैसे भरलेत बाई! उरलेलं विकायचं ठरवलं असेल तर ते विकल्यासारखं द्यावं. त्या दुकानात पुन्हा गेले नाही. त्याउलट आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकू दर वेळी हसून पिशवीचं तोंड नीट दुमडून द्यायच्या.

याच बेकरीनं मला विचारात पाडलं. त्यांच्याकडे रोज पिशव्या असायच्या. एखाद्या दिवशी अंदाज चुकला तर मी समजू शकते. पावसात पोरं जेवायला आली नाहीत की माझ्याही चाळीस पोळ्या उरायच्या. पण रोज उरतं ते चुकून उरत नाही. शेवटी मुलीला घेऊन गेले आणि काकूंना विचारलंच. त्या म्हणाल्या, फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं, म्हणून बंद व्हायच्या अर्धा तास आधीपर्यंत फळ्या भरलेल्या ठेवायच्या. म्हणजे फेकायचा पाव हिशोबात धरूनच भाजतात. मी रात्री साडेनऊला आलेल्या पोराला “पोळ्या संपल्या, भात आहे” असं सांगायचे, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. इथं ‘संपलं’ म्हणणं म्हणजे नामुष्की. पिशवीनं पाव वाचतो हे खरं, पण पाव कमी भाजायचा विचार पिशवीमुळे आणखी लांब पडतो असं मला वाटतं. उरलेल्याचेही पैसे यायला लागले की कोण कशाला अंदाज सुधारेल?

आणि याला दान म्हणू नये. अ‍ॅप तसं म्हणतही नाही, लोक म्हणतात. दानाची व्यवस्था इथं वेगळी आहे: टाफेल. पहिली 1993 साली बर्लिनला सुरू झाली, म्युनिकची 1994 साली. दुकानांतला उरलेला माल स्वयंसेवक गोळा करतात आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना कार्ड बघून वाटतात. मुलीबरोबर एकदा बसमधून जाताना रांग पाहिली. चाकांच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायकाच जास्त. त्यांतल्या किती जणींकडे अ‍ॅप असेल आणि वर चार युरो असतील?

आमच्या मेसमध्ये भांडी घासायला मावशी यायच्या. रात्री उरलेलं मी त्यांना डब्यात घालून द्यायचे आणि स्वतःला मोठी धर्मात्मा समजायचे. एकदा त्या म्हणाल्या, “ताई, देताय ते बरंय, पण पोरं उठल्यावर भरता. आधी काढून ठेवा की.” पुढे दोन दिवस मी फणफणत होते. तिसऱ्या दिवसापासून कणीकच सहा पोळ्यांची जास्त मळायला लागले आणि त्या पहिल्या घाण्यातल्या सहा काढून ठेवायचे. टाफेलची रांग बघताना त्या सहा पोळ्या आठवल्या.

या देशाचं आणखी एक अजब. म्युनिकच्या शेजारी ओल्चिंग म्हणून गाव आहे, लोकलनं जाता येतं. तिथं 2018 साली दोन विद्यार्थिनींनी रात्री सुपरमार्केटच्या कुलूप लावलेल्या कचऱ्याच्या डब्यातून खायचा माल काढला. चोरीचा खटला झाला. न्यायालयानं त्यांना आठ तास समाजसेवा सांगितली, आणि तीही टाफेलमध्येच! 2020 साली प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं, तरी निकाल कायम राहिला. जावयांनी हे सांगितलं तेव्हा मी झेमल चावता चावता थांबले. चार युरो दिले की गिऱ्हाईक, नाही दिले की चोर. पाव तोच.

पैसे न देता रीतसर देण्याघेण्याचीही सोय आहे. आमच्या जवळ एका सभागृहाच्या दाराशी ‘फेअरटायलर’ नावाचं कपाट होतं. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं ठेवावं, हवं त्यानं न्यावं, कोणी विचारत नाही. जे स्वतः खाणार नाही ते ठेवायचं नाही, एवढाच मुख्य नियम. तिसऱ्या पिशवीपासून आमचा निम्मा पाव तिथं जायचा. नाहीतर दुकानाचा कचरा आमच्या स्वयंपाकघरात आला, एवढाच काय तो फरक झाला असता. दोघं नोकरी करणारी आणि स्वयंपाकाचा कंटाळा असेल, तर सुपरमार्केटची पिशवी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी झेमलचं काय केलं? आधी फोडणीच्या पोळीच्या धर्तीवर कुस्करा. कांदा, मोहरी, हळद, वरून लिंबू. जावयांनी गहू विसरून दोनदा घेतला. मग वरच्या आजींनी सॉसेजची परतफेड म्हणून मला बोलावलं आणि शिळ्या झेमलचे तुकडे गरम दुधात भिजवून, अंडं, परतलेला कांदा आणि पार्सली घालून त्याचे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडले. झेमलक्न्योडल. मी म्हटलं, अहो हे तर मुटके! मुलीला भाषांतर करता येईना. आजींना एवढंच कळलं की मला आवडले. शिळाच पाव लागतो, ताज्याचे फुटतात, असं त्यांनी बोट नाचवून बजावलं.

निघताना मुलीच्या फ्रीजरमध्ये आठ मुटके आणि कापून ठेवलेले सहा झेमल होते. ते संपेपर्यंत नवी पिशवी घ्यायची नाही, असं सांगून आले होते. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, “आई, शनिवार होता गं.”

मश्रूम निघालेत म्हणे, दोन किलो.