वनहक्काचा दावा: आधी शेताचा की आधी गावाचा?

वनहक्क कायद्याखाली कसत्या वनजमिनीचा दावा घराला लावता येतो आणि जंगलाचा सामूहिक दावा गावाला. आधी कुठला लावायचा, हा प्रश्न नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडच्या गावांत अजून निघतो. आमच्या घरानं आधी शेताचा दावा लावला, सामूहिक दाव्यात गावासोबत नंतर उतरलो.

शेताच्या पट्ट्याची, म्हणजे दावा मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या हक्काच्या कागदाची, किंमत मी कमी करणार नाही. आम्ही आंध आदिवासी. जमीन बापानं मोडून कसलेली, तरी कागदावर अतिक्रमणच. पट्ट्यावर बापाच्या जोडीनं मायचंही नाव आलं, तेव्हा माय कितीतरी वेळ त्या नावावर बोट ठेवून बसली होती. पट्टा विकता येत नाही, वारसांकडे जातो. आदिवासींच्या जमिनी हातच्या कशा जातात ते आमच्या भागानं बघितलंय, त्यामुळं ही अट मला पटते. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. आमच्या कामी आल्या बापानं पत्र्याच्या डब्यात जपलेल्या अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या. शेजारच्या तांड्यावर मात्र 75 वर्षांचा रहिवास मागतात, कारण बंजारा समाज इकडे अनुसूचित जमातीत नाही. 1956 पर्यंत किनवट जुन्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. निजामाच्या काळातले उर्दू कागद तांड्यावरच्यांनी शोधायचे तरी कुठं?

माझं मन बदललं ते एका कुऱ्हाडीनं. पट्टा आला त्याच उन्हाळ्यात माय जळतणाला गेली. वाळल्या काटक्यांचा भारा डोक्यावर, तरी एका वनरक्षकानं कुऱ्हाड काढून घेतली. पट्टा दाखवला तर म्हणाला, "हा शेताचा आहे, जंगलाचा नाही." खोटं नव्हतं. तीन एकरांत कापूस-तूर होते. पण मोहफुलं, तेंदूपत्ता, शेळ्यांची चराई, कुंपणाचे काटे, सगळं बांधापलीकडचं. बापानं आयुष्यभर जे मिनतवारीनं घेतलं, ते पट्टा मिळूनही मिनतवारीनंच घ्यायचं, हे मला सहन झालं नाही.

सामूहिक दाव्याचा व्याप मोठा, हे कबूल. ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत, त्यात बायाही पुरेशा. शेजारच्या गावाशी नाल्यावरून आमचं वाजलं, बैठकांत मजुरी बुडाली. निस्तार (जळतण, चराईसारखा घरगुती वापर) आणि वनोपजासाठी नमुना 'ब' हा अर्ज, जंगल राखण्याच्या हक्कासाठी नमुना 'क'. आम्ही दोन्ही सोबतच भरले, तुम्हीही तसंच करा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, पुढं त्यांनी आपला बांबू स्वतः विकला. आमचं तेवढं मोठं नाही. पण तेंदूचा भाव आता ग्रामसभेत बसून ठरतो, आणि जळतणाला जाताना माय रस्ता बदलत नाही.

यंदाच शेतातून उठवण्याची भीती असेल तर आधी शेताचाच दावा लावा, त्यात दुमत नको. तशी घाई नसेल तर, मला विचाराल तर, गावाचा आधी. पावत्या डब्यात राहतात. सामूहिक दाव्यात दाखवायची गावाची शीव मात्र म्हाताऱ्यांच्याच ध्यानात असते. आमच्याकडं शिवेवरचा मोह नेमका दाखवू शकणारे दोघंच उरले होते. शिवेची फेरी झाली, आणि त्याच पावसाळ्यात त्यातले एक गेले.