न वापरलेला रेग्युलेटर: डिव्हाइस ट्रीमध्ये लिहावा, वगळावा की कायम चालू ठेवावा?

नव्या बोर्डाचा डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचे लिनक्स कर्नलसाठीचे वर्णन, लिहायला घेतला की पीएमआयसीचे (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपचे) काही रेग्युलेटर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज पुरवणारे भाग, हमखास असे उरतात, ज्यांच्या आउटपुटला स्कीमॅटिकमध्ये (बोर्डाच्या जोडणीच्या आराखड्यात) काहीच जोडलेले नसते. त्यांचा नोडच (डिव्हाइस ट्रीमधली नोंदच) लिहायचा नाही, नुसते नाव देऊन नोड लिहायचा, किंवा खबरदारी म्हणून ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ लावायचे, असे तीन मार्ग रूढ आहेत. तिन्हींमध्ये बोर्ड सुरू होतो, म्हणून निवड बिनमहत्त्वाची वाटते. पण कर्नल प्रत्येकाचा अर्थ निराळा लावतो.

नोड वगळला तरी बहुतेक ड्रायव्हर त्या रेग्युलेटरची नोंदणी करतातच. मात्र डिव्हाइस ट्रीने काहीच न सांगितल्यामुळे त्याला चालू-बंद करण्याची मुभा कर्नलला मिळत नाही, आणि बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) किंवा चिपच्या मूळ सेटिंगने तो चालू ठेवला असेल तर तो तसाच वीज खात राहतो. नोडचे स्टेटस ‘डिसेबल्ड’ लिहिले तरी साधारणपणे हेच घडते. त्या शब्दाने रेग्युलेटर बंद होत नाही, फक्त त्याचे वर्णन नसल्यासारखे धरले जाते.

नुसते नाव असलेला नोड लिहिला, तर ती मुभा मिळते. बूटचा शेवटचा टप्पा उलटून ३० सेकंद झाले की कोणीही न मागितलेले, पण चालू असलेले असे रेग्युलेटर कर्नल बंद करतो आणि लॉगमध्ये नावापुढे ‘डिसेबलिंग’ अशी नोंद करतो. ‘रेग्युलेटर-बूट-ऑन’ (बूटच्या वेळी चालू) लिहिल्याने हे टळत नाही. अशा नोडमध्ये पीएमआयसीच्या डेटाशीटवरून किमान-कमाल व्होल्टेज उतरवू नये, असे माझे ठाम मत आहे. ते आकडे चिपची क्षमता सांगतात. डिव्हाइस ट्रीमध्ये मात्र त्या बोर्डाला काय सोसेल ते लिहायचे असते, आणि जिथे काही जोडलेलेच नाही तिथे अशी मर्यादा संभवत नाही.

या दुसऱ्या मार्गातली खरी जोखीम ‘न वापरलेला’ हे ठरवण्यात आहे. पाइन६४ बोर्डावर ऑलविनर ए६४ या प्रोसेसरला एएक्सपी८०३ हा पीएमआयसी वीज पुरवतो. त्यातला एफएलडीओ२ हा रेग्युलेटर वरवर पाहता केवळ एआर१०० या छोट्या सहायक कोअरसाठी आहे, म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने बिनकामाचा. तरीही तो बंद केला तर ए६४ चालत नाही, म्हणून तिथे १.१ व्होल्ट आणि ‘ऑलवेज-ऑन’ असे लिहून वर कारणाची टिप्पणी दिलेली आहे. दुसरा सापळा अधूनमधून भेटणारा आहे. एखाद्या उपकरणाच्या नोडमध्ये सप्लायचा, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या रेग्युलेटरचा, उल्लेख राहून गेला, तर कर्नल त्याला डमी (नुसता नावाचा) रेग्युलेटर देऊन पुढे जातो, खऱ्या रेग्युलेटरचा वापरकर्ता शून्य दिसतो आणि अर्ध्या मिनिटाने वायफाय किंवा पडदा अचानक मरतो. इथे ‘ऑलवेज-ऑन’ लावून लक्षण झाकण्यापेक्षा राहिलेली सप्लायची ओळ लिहावी.

‘ऑलवेज-ऑन’बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रोसेसरचा गाभा, डीआरएएम आणि ज्यांना मागणारा ड्रायव्हरच नाही अशा आवश्यक पुरवठ्यांसाठी ते योग्य आहे. रिकाम्या आउटपुटवर ते लावणे म्हणजे बॅटरीवरच्या यंत्रात अकारण गळती ठेवणे होय.

त्यामुळे स्कीमॅटिक हाताशी असेल आणि आउटपुट खरोखर रिकामे असेल, तर नाव देऊन नोड लिहावा व कर्नलला तो बंद करू द्यावा. स्कीमॅटिक नसेल, तर तूर्त नोड वगळणेच सुरक्षित, कारण मग निदान बूटलोडरने घालून दिलेली स्थिती कायम राहते. कोणताही मार्ग निवडला तरी बोर्ड सुरू करून किमान एक मिनिट थांबावे, डीबगएफएसमधील (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फाइल-व्यवस्थेतील) ‘रेग्युलेटर_समरी’ उघडून वापरकर्त्यांचा स्तंभ स्कीमॅटिकशी ताडून पाहावा, आणि काही बंद पडले असेल तर ‘रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड’ (न वापरलेले बंद करू नका) हे बूट पॅरामीटर देऊन पुन्हा सुरू करावे. त्याने बिघाड नाहीसा झाला, तर आधीच्या बूटच्या लॉगमधील ‘डिसेबलिंग’च्या नोंदींतील नावांमध्येच दोषी रेग्युलेटर सापडतो.