पीएमफोरपाय: तिकिटांच्या लॉगवरून प्रोसेस मॉडेल काढायचं असेल तर घ्याच

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एका सॉफ्टवेअर टीमचं काम प्रत्यक्षात कसं चालतं त्याचं मॉडेल बनवायचं होतं, डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय ते नाही, खरंखुरं. मुलाखती घेतल्या तर सगळे डॉक्युमेंटमधलंच सांगायला लागले, म्हणून लॉगकडे वळले, म्हणजे प्रत्येक तिकिटावर (टीमच्या एकेका कामाची नोंद) काय कधी झालं ते साठवलेल्या नोंदींकडे. कल्पना जुनी आहे, कुक आणि वुल्फ यांनी १९९८ मध्ये इव्हेंट डेटावरून सॉफ्टवेअर प्रोसेसचं मॉडेल शोधायच्या पद्धतींवर पेपर लिहिलाय. मी पीएमफोरपाय वापरलं, जर्मनीतल्या फ्राउनहोफर एफआयटी या संशोधन संस्थेत सुरू झालेली, लॉगवरून असं मॉडेल काढणारी पायथन लायब्ररी, ओपन सोर्स आहे.

तीनच कॉलम लागतात, तिकीट नंबर, काय झालं आणि कधी झालं. मॉडेलचं चित्र काढणारं ग्राफविझ मात्र वेगळं टाकावं लागतं नाहीतर चित्रच उमटत नाही, माझी एक संध्याकाळ त्यात गेली. आणि तारखा नीट बघा हं, पांडाज (डेटा वाचायची पायथन लायब्ररी) ०५/०४ ला ५ एप्रिल न धरता ४ मे धरतं, माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये टेस्टिंग डेव्हलपमेंटच्या आधी आलं ते त्यामुळेच, डेफर्स्ट (आधी दिवस) ट्रू केल्यावर जागेवर आलं.

लॉगवरून मॉडेल काढायच्या पद्धतींपैकी अल्फा अल्गोरिदमच्या नादी लागू नका. डेव्हलपर टेस्टिंगला पाठवतो, टेस्टर परत पाठवतो, परत टेस्टिंग, असं दोन पायऱ्यांचं चक्कर त्याला ओळखताच येत नाही आणि आमच्याकडे तर निम्मं काम तेच. त्याऐवजी इंडक्टिव्ह मायनर ही पद्धत घ्या, नॉइज थ्रेशोल्ड (क्वचित घडणारं किती गाळायचं ते) ०.२ ठेवल्यावर मला वाचता येईल असं चित्र मिळालं.

पण खरी गंमत पुढे. मॉडेल म्हणत होतं की बरीच तिकिटं कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) न होताच थेट डन, म्हणजे पूर्ण, होतात, आणि तीसुद्धा शुक्रवारी संध्याकाळी. मी तसंच लिहून टाकणार होते. मग दोन शुक्रवार त्या टीमजवळ खुर्ची टाकून बसले तेव्हा कळलं, रिव्ह्यू व्हायचा, दोघं एका स्क्रीनसमोर बसून करायचे, फक्त तिकिटावर कोणी नोंद करत नव्हतं आणि आठवड्याची सगळी तिकिटं एकदम सरकवायचे. लायब्ररीची यात काहीच चूक नाही, लॉगमध्ये जे आहे तेच ती दाखवणार, म्हणून मॉडेल निघालं की त्याची प्रिंट घेऊन त्याच लोकांपुढे ठेवा आणि एकेका बाणावर बोट ठेवून विचारा. आता मुलाखतीत डॉक्युमेंट कोणी सांगत नाही, "हा बाण असा का आलाय माहितीये का" असंच सुरू होतं.

पायथन येत असेल तर ५ पैकी ४.५. अर्धा मार्क ग्राफविझसाठी कापला.