पिकअपचं ॲव्हरेज: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी बोलेरो पिकअप, १.७ टनी, २०१८ची, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारं). सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरी भरून पुण्याला आठवड्यात दोन फेऱ्या. ॲव्हरेज लिटरला १०.६ किलोमीटरवर आलं होतं, म्हणून इंजिनात काम करायचं ठरवलं. हिशोब दर वेळी टाकी टू टाकी, एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद झाल्यावर थेंबही जास्त न भरता.

आधी ट्यूनिंग बॉक्स बसवला. गाडीला ओढ जबरदस्त आली, भरल्या गाडीला सावळेश्वर टोलनंतर चौथ्यातून तिसऱ्यात येण्याची गरजच पडेना. पण तो बॉक्स रेल प्रेशर (त्या नळीतला डिझेलचा दाब) कमी असल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दाखवतो, मग पंप प्रेशर वाढवतो आणि डिझेल जास्तच जातं. मागून काळा धूर, ॲव्हरेज १०.२. तीन आठवड्यांत काढून टाकला. डिझेलच्या पाइपला लावायच्या चुंबकानेही काडीचा फरक पडला नाही.

खरा फरक पडला तो थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या वॉलमुळे. डिसेंबरात रात्री भिगवणच्या पुढे तापमानाचा काटा पार खाली, ‘सी’कडे (थंडकडे) पडायचा. आमच्या नेहमीच्या मिस्त्री मामांनी हाउसिंग खोललं, तर आत वॉलच नाही! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आधीच्या कुणीतरी तो काढून टाकलेला. मामा म्हणाले, “ताप नको म्हणून वॉल काढला, पण इंजिनाला ऊबबी लागते की.” इंजिन थंड राहिलं की ईसीयू डिझेल वाढवून देतो, ऑइलही जाड राहतं. आणि तापण्याचं मूळ रेडिएटरमध्ये होतं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यामुळे नळ्यांत पांढरा, खडूसारखा क्षार धरला होता. रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून साफ करून) घेतला, कूलंट भरलं, नवा थर्मोस्टॅट बसवला.

त्याच दिवशी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला क्लिपजवळ बोटभर चीर सापडली. बाहेरून फक्त तेलकट धूळ दिसत होती, इंजिन रेस केल्यावर हात लावला तर वारा लागला. टर्बोची हवा तिथूनच जात होती. होज बदलला, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वॉलचा) कार्बन साफ केला, इंजेक्टर तपासले (ते चांगले निघाले).

आता ॲव्हरेज १२.४. पाचशे किलोमीटरच्या फेरीला आधी ४७ लिटर लागायचं, आता ४० लागतं. मला सगळ्यात धाकधूक एप्रिल-मे महिन्यांची होती, कारण वॉल बसवल्यावर सोलापूरच्या उन्हात गाडी तापली असती तर सगळंच वाया. पण भर दुपारी, पूर्ण लोडवर, टेंभुर्णीपर्यंत एसटीच्या मागे रखडत गेलो तरी काटा मध्यावरून हलला नाही.

एअर फिल्टरचं मात्र माझं अजून जमलेलं नाही. मोहोळकडच्या कच्च्या रस्त्यांवर कांद्याच्या भाड्याला गेलो की महिन्यातच जाम होतो, आणि ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने खाली येतं. सध्या दर दुसऱ्या रविवारी काढून बघतो.