गाडीचा जीपीएस ट्रॅकर, 11 महिन्यांनंतर: जागा बरोबर, गुण चुकीचे

ट्रॅकरच्या वार्षिक नूतनीकरणाचा मेसेज आलाय. 1,800 रुपये, वर जीएसटी. डबा घेतला तेव्हा वर्षाच्या सिम आणि सर्व्हरसकट 2,800 ला पडला होता. आता डबा आपलाच, सिम तेच, तरी पाऊण किंमत परत मोजायची. पैसे भरायच्या आधी हे लिहून टाकतो.

गाडी पिकअप, 12 व्होल्टची. बेळगाव एपीएमसीतून भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोवा, आणि अधूनमधून हिंडलगा, बाची, शिनोळी करत चंदगडची फेरी. ट्रॅकर वायरवाला, 4जी, रिलेसकट (रिले म्हणजे ॲपवरून गाडी बंद करणारा स्विच). बाकीचं स्पेसिफिकेशन दुकानाच्या पानावर आहेच.

गाडी कुठं आहे हे सांगायचं काम तो चोख करतो. उघड्यावर पाच-दहा मीटरचा फरक, तेवढा चालतो. जिओफेन्स (नकाशावर आखलेलं कुंपण, गाडीनं ओलांडलं की मेसेज येतो) मात्र 50 मीटरचा ठेवू नका, उभी गाडी रात्रभर "बाहेर गेली, आत आली" करत बसते. 200 मीटर ठेवा. चोर्ल्यात रेंज नसते तिथं तो ठिकाणं पोटात साठवतो आणि रेंज आली की एकदम ओततो. शिनोळीजवळही तसंच होतं. मोबाइलच्या कर्नाटक सर्कलचा टॉवर सोडून महाराष्ट्र-गोवा सर्कलचा धरताना डेटा तुटतो आणि गाडी नकाशावर तीन-चार मिनिटं एका जागी खिळलेली दिसते. घाबरून ड्रायव्हरला फोन लावू नका.

आता मुख्य दुखणं: ॲपमधला "एआय ड्रायव्हर स्कोअर". जाहिरात त्याचीच, 1,800 च्या पॅकेजमध्ये जास्तीचे पैसेही त्याचेच. जोरात ब्रेक, जोरात वळण, अतिवेग, विनाकारण थांबा, या सगळ्याचे मिळून शंभरापैकी गुण. पहिले चार महिने हा आकडा 50 च्या वर गेला नाही. एका गोवा फेरीत 31 वेळा "जोरात ब्रेक". भाजीचे क्रेट भरलेली गाडी 31 वेळा तशी दाबली असती तर टोमॅटोचा रस उतरला असता. माल धड पोचत होता. म्हणजे ही निव्वळ थाप, असं तेव्हाचं मत.

ते मत आता अर्धं मागे घेतो. दोष निम्मा फिटिंगचा निघाला. डब्यातला सेन्सर झटका मोजतो, पण पुढची दिशा कुठली आणि वरची कुठली हे त्याला माहीत असावं लागतं. फिटरनं डबा डॅशच्या मागं प्लॅस्टिकच्या नळीला दुहेरी टेपनं चिकटवला होता. उन्हाळ्यात टेप मऊ पडली, डबा लोंबकळला, आणि खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा वरखाली धक्का ब्रेकच्या खात्यात जमा व्हायला लागला. खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर असे धक्के किती बसतात ते सांगायला नको.

उपाय सोपा आहे. डबा लोखंडी पट्टीवर घट्ट बसवा, लेबल आकाशाकडं (अँटेना त्याच बाजूला असते, वर पत्रा नको), दोन केबल टाय ओढून बांधा. सपाट जागी इंजिन बंद करून ॲपमधून कॅलिब्रेशन करा (म्हणजे पुढं कुठं, वर कुठं हे सेन्सरला नव्यानं शिकवा), मग सरळ रस्त्यावर काही किलोमीटर चालवा. पुढच्या गोवा फेरीत 31 चे 7 झाले, आणि त्या सातांतले चार घाटातल्या वळणांवरचे, खरे.

उरलेला निम्मा दोष मात्र कंपनीचाच. चोर्ल्यात रेंज गेली की सर्व्हर त्याला "विनाकारण थांबा, 22 मिनिटं" म्हणतो. साठवलेली ठिकाणं नंतर पोचतात, नकाशावरची रेघ सुधारते, पण कापलेले गुण परत मिळत नाहीत. कस्टमर केअरचं उत्तर: "सिस्टीम ऑटोमॅटिक आहे, सर." हे उत्तरही हिंदीत. ॲप कन्नड, हिंदी, इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या ड्रायव्हरनं आपले गुण का कापले हे वाचायचं कुठल्या भाषेत? या आकड्यावरून कुणाचा पगार कापत असाल तर आधी रेघ आणि गुण शेजारी ठेवून बघा.

वायरिंगचं थोडक्यात. बहुतेक डब्यांत लाल प्लस, काळी अर्थ, नारिंगी इग्निशन, पिवळी रिले. नारिंगी वायर कायम चालू असलेल्या प्लसला जोडली तर गाडी दिवसरात्र "चालू" दिसते. ती किल्ली फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरलाच हवी. रिले त्याच्या 30 आणि 87ए या पिनांवर जोडून घ्या, म्हणजे डबा मेला तरी गाडी चालू राहते. 87 वर जोडली तर डब्यासोबत गाडीही बंद. धावती गाडी ॲपवरून कधीच बंद करू नका, घाटात तर नाहीच. बॅटरीची काळजी दुचाकीवाल्यांनी करावी. डबा उभ्या गाडीत 30 मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला 0.72 अँपिअर-अवर, दुचाकीची 4-5 ची बॅटरी आठवडाभर उभ्यानं संपते. पिकअपला ते जाणवतही नाही.

पाळतीचा भाग फिटिंगच्या दिवशी कुणी सांगत नाही. तुमचं खातं डीलरच्या खात्याखाली असतं, म्हणजे तुमची गाडी डीलरलाही दिसते. पासवर्ड त्यानंच ठेवलेला, बहुधा 123456. अवास्ट या सुरक्षा कंपनीनं 2019 मध्ये याच पासवर्डवर उघडे पडलेले सुमारे 6 लाख ट्रॅकर दाखवले होते. आधी तो बदला. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या लाइव्ह लिंकची मुदत मुळात "कायम" असते, ती चार तासांवर आणा. आणि ड्रायव्हर गाडी घरी नेत असेल तर त्याची रात्र, त्याचा रविवार 90 दिवस नकाशावर राहतो. कामाच्या वेळेबाहेर नोंद थांबवायची सोय या ॲपमध्ये नाही. त्याला हे तोंडावर सांगून टाका.

खर्चाचा हिशेब. दर 10 सेकंदाला एक नोंद, दिवसाला 8 तास, म्हणजे 2,880 नोंदी. नोंदीमागं दीडशे बाइट धरले तर महिन्याला 13 एमबीच्या आसपास. व्हॉट्सॲपवरचा लग्नाचा एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. ट्रॅक्कार नावाचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकून हे सगळं घरी आणता येतं. जीटी06 पद्धतीचा (सर्व्हरशी बोलायची ही एक भाषा) डबा असेल तर ट्रॅक्कारमधलं त्याचं दार, म्हणजे पोर्ट, 5023. फक्त डब्यातला सर्व्हरचा पत्ता बदलता आला पाहिजे, आणि सिम आपलं लागतं, कारण कंपनीचं सिम बऱ्याचदा त्यांच्याच सर्व्हरशी बोलतं. आपल्या सिमचं रिचार्ज धरलं तर पैसे फारसे वाचत नाहीत. डीलरच्या नजरेतून गाडी सुटते, एवढंच पदरात पडतं.

तूर्त स्कोअर नसलेलं बेसिक पॅकेज तीन महिन्यांपुरतं घेतलंय, 350 रुपये. सर्व्हर बदलायची कमांड मागितली तर म्हणाले, वॉरंटी जाईल. वॉरंटी 12 महिन्यांची आहे, अकरा झाले.