एक गुंठा, पाच थर हळद आणि दरमहा ४० हजार

कोल्हापूर-सांगली भागात व्हर्टिकल फार्मिंगच्या, म्हणजे थरावर थर लावून करायच्या शेतीच्या, नावाने पैसे गोळा करणाऱ्यांच्या बैठका पुन्हा सुरू झाल्याचं कानावर आलं, म्हणून लिहितेय. आमच्या आबांच्या निवृत्तीच्या पैशातले १० लाख यात गेले. प्रकरण पोलिसांत आहे, त्यामुळे कंपनीचं नाव घेत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण पाटी बदलून तीच पद्धत परत येते. आधी एमू पक्षी पाळायच्या योजना झाल्या, २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण बाहेर आलं, आता हळद.

योजना अशी होती. एका गुंठ्याचं शेडनेट, आत लोखंडी मांडणीवर पाच थर, प्रत्येक थरावर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्या आणि त्यांत हळद. जागा कंपनी भाड्याने घेणार. बेणं, खत, मजूर सगळं तिचंच. आपण १० लाख भरायचे, तीन वर्षं दरमहा ४० हजार घ्यायचे आणि शेवटी मुद्दलही परत. सांगणारा पाहुण्यांतलाच. “आबा, तुम्ही रानात पाय पण ठेवू नका. महिन्याच्या महिन्याला बँकेचा मेसेज तेवढा बघा,” असं आमच्याच सोप्यात बसून, आमच्याच घरचा चहा पिऊन तो सांगून गेला.

हॉटेलातल्या बैठकीत पडद्यावर सिंगापूर आणि अमेरिकेतली शेतं दाखवली. गुलाबी उजेडातलं हिरवंगार लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला. चित्रं लेट्यूसची आणि करार हळदीचा! व्हर्टिकल फार्मिंग ही खरी गोष्ट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोलंबिया विद्यापीठातले डिक्सन डेस्पोमिअर यांनी १९९९ पासून विद्यार्थ्यांना घेऊन ही कल्पना पुढे आणली. पण बंद जागेत एलईडी दिव्यांखाली परवडलं तर काय परवडतं? काही आठवड्यांत निघणारा, ताजाच खपणारा आणि महाग जाणारा पाला: लेट्यूस, बेसिल, मायक्रोग्रीन. तिथेही वीजबिल कंबर मोडतं. २०२१ च्या एका जागतिक पाहणीत अशा शेतांचा वीजवापर किलोमागे सरासरी ३८.८ युनिट निघाला. युनिट ८ रुपये धरलं तर नुसती वीजच किलोला ३१० रुपये. कोल्हापुरात ऊन फुकट आहे आणि मंडईत मेथीची पेंडी काय भावाने मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडेही मोठमोठ्या कंपन्या यात बुडाल्या. एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. बैठकीत दाखवलेली चित्रं असल्या धंद्याची होती, आणि तो धंदा कसा चाललाय हे तिथे कुणी सांगितलं नाही.

आता हळद. सांगली यार्डातल्या एका ओळखीच्या अडत्याने आम्हाला हिशेब मांडून दिला, तो जसाच्या तसा देते. चांगल्या रानात एकरी ८ ते १० टन ओली हळद निघते, मुरलेला शेतकरी असेल तर जास्तही. म्हणजे गुंठ्याला २०० ते २५० किलो. शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर साधारण पाचवा हिस्सा हातात राहतो, ४० ते ५० किलो. पाचही थर रानासारखे पिकले असं मानलं, जे होत नाही, तरी जास्तीत जास्त २५० किलो. क्विंटलला १५ हजार भाव लावला तर साडेसदतीस हजार रुपये. वर्षाचे. खर्च न धरता. कंपनी दर महिन्याला ४० हजार देणार होती! त्यांच्याकडे याला उत्तर तयार असतं: “आम्ही हळद विकत नाही, तिच्यातला औषधी अर्क, कर्क्युमिन, काढून परदेशी पाठवतो.” मग कारखाना कुठे आहे, निर्यातीचा परवाना आणि मालाची बिलं दाखवा, असं म्हणायचं. आम्हाला शेवटपर्यंत काही दाखवलं नाही.

त्याहून मोठी खूण कॅलेंडरात होती. हळद काढणीला यायला आठ-नऊ महिने लागतात. आबांना पहिला हप्ता दुसऱ्याच महिन्यात आला. हळद जमिनीतून कोंबही नीट वर काढत नाही, तेव्हा हे पैसे आले कुठून? आमच्या मागून ज्यांनी पैसे भरले त्यांच्या खिशातून. ते वेळेवर आलेले हप्ते बघूनच आमच्या गल्लीतल्या आणखी दोन घरांनी पैसे घातले, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

हप्ते थांबल्यावर करवीर तालुक्यातल्या त्या शेडवर गेलो. वरच्या थरावर पानं करपलेली. खालच्या थरांत दिवा नाही की ऊन नाही. रोपं पिवळी पडून उजेडाच्या बाजूला आडवी झाली होती. मी एक पिशवी फाडली. आत हळदीची करंगळीएवढी दोन बोटं आणि कुजलेलं बेणं. जागेचा मालक शेतकरी तिथेच भेटला. त्याचं भाडं थकलेलं आणि रानात लोखंड रोवून ठेवलेलं, त्यामुळे ऊसही लावता येईना.

कागदांबद्दल थोडं. करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला होता आणि लोकांना त्याचाच आधार वाटतो. नोटरी सही तुमचीच आहे का ते बघतो. योजना खरी का खोटी याच्याशी त्याचा संबंध नसतो. हमी म्हणून चेक देतात. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार, असा हिशेब असतो. “आबा, या महिन्यात घालू नका, पुढच्या महिन्यात नक्की,” असं गोड बोलून ते नेमकी हीच मुदत घालवतात. ज्यांच्या हातात अजून मुदतीतले चेक आहेत त्यांनी ते आजच बँकेत भरावेत. आणि कंपनीची नोंदणी एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या, साइटवर आहे एवढ्याने ठेवी घ्यायचा परवाना मिळत नाही. अनेकांचे पैसे एकत्र करून परतावा देणाऱ्या अशा योजनेला सेबीची, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. तिचा नंबर मागा.

आमची तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेत आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देता येतात. म्हणून एकेकट्याने समजुतीवर तडजोड करू नका. करार, बँकेचे उतारे, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, बैठकीची पत्रकं, सगळं जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा.

त्या शेडवर राबलेल्या बायकांची हजेरीही बुडाली आहे. “ताई, तुमचं निदान कागदावर तरी हाय, आमचं वहीत बी न्हाई,” असं त्यातली एक म्हणाली. त्या ठेवीदार नाहीत, म्हणून आमच्या तक्रारीत त्यांचं नाव बसत नाही. रोजगार मिळणार म्हणून याच कंपनीचा गावात सत्कार झाला होता. त्यांच्या थकलेल्या पगाराचा वेगळा अर्ज आम्ही सहायक कामगार आयुक्तांकडे देतोय. जागामालकाने नावं लिहून द्यायला सुरुवात केली आहे. आसपासच्या वाड्यांवरच्या ज्या बायका तिथे कामाला होत्या, त्यांनी त्याच्याकडे आपलं नाव आणि कोणत्या महिन्यांत काम केलं ते सांगावं.