सुतारमामांची व्यायामपेटी: चौदा महिने वापरल्यावर

मी आयटीआयमध्ये शिवणकामाची शिल्प निदेशक होते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून शिवण बघायची, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. पायरीसारखी चढ-उतर करायची ही लाकडी पेटीही घरी आली तेव्हा उलटी करून बघितली होती. तरी घोळ झालाच, कारण तो वरच्या बाजूला होता.

राहायला सातारला. पाऊस नसला की अजिंक्यताऱ्याचा रस्ता आहे, दुसरं काही लागत नाही. जून ते सप्टेंबर मात्र धुकं आणि शेवाळ. तिथे पाय सरकला तर काय, या विचारानेच चप्पल परत काढून ठेवावीशी वाटते. आमच्या गल्लीतली मुलं भर पावसात यवतेश्वरच्या घाटात पळतात. २०१२ पासून इथे हिल मॅरेथॉन होते, त्याचं वारं सगळ्यांना लागलंय. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला ते वारं लागत नाही.

२०२० मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा आम्ही चाळीस हजारांची ट्रेडमिल घेतली होती. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडा, पट्टा एका अंगाला सरकला की मागचे बोल्ट पाव-पाव आटा फिरवा, इथपर्यंत मी केलं. मग एकदा लाइट गेली आणि आली ती कंट्रोल बोर्ड घेऊनच. मेकॅनिक पुण्याहून येणार, त्याच्या येण्याचे पैसे वेगळे, बोर्ड यायला दोन महिने. वर्षभराने तेच पुन्हा. भंगारवाल्याने अठराशे दिले.

त्यानंतर ठरवलं की घरात येईल ती वस्तू विजेवर चालणारी नसेल आणि तिच्यात हलणारा एकही भाग नसेल. आमच्या मागच्या गल्लीतल्या सुतारमामांकडे गेले आणि म्हटलं, चढ-उतर करायला एक बंद पेटी हवी. मामा म्हणाले, “बाई, बंद कशाला? आत ड्रॉवर काढतो की. खाली चाकं लावतो.” ड्रॉवर म्हणजे चॅनल आले, चाकं म्हणजे बेअरिंग आली. नको म्हटलं. मामांचा चेहरा पडला.

उंची ठरवायला मला चार दिवस लागले आणि ते चार दिवस सार्थकी लागले. पुतण्या जिमला जातो. त्याने कुठूनतरी वाचून वीस इंच सांगितली. ती उंची हार्वर्डच्या स्टेप टेस्टची. १९४० च्या दशकात तरुण पोरांचा दम मोजायला काढलेली ती चाचणी: वीस इंचांच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटं. माझ्या गुडघ्यांनी तो कागद न वाचताच नाकारला. मग मी घरातले जेवायचे पाट एकावर एक ठेवले, खिडकीचा गज धरला आणि एकेक उंची चढून पाहिली. जिथे वर चढताना गुडघ्याचा काटकोन होत नाही आणि कमरेतून झोकही द्यावा लागत नाही, तिथे थांबले. टेपने मोजलं तर २० सेंटीमीटर, म्हणजे आठ इंच. जिन्याच्या पायरीपेक्षा जराशी जास्त.

लांबी ७५, रुंदी ३८. ही मापंही उगीच नाहीत. पेटी आडव्या कुशीवर टाकली की ३८ सेंटीमीटरचं बसायला आसन होतं. छातीशी वाळूची पिशवी धरून त्यावरून उठ-बस केली की मांड्या बोलायला लागतात. उभी केली तर ७५, त्यावर हात टेकून तिरके जोर. एका पेटीत तीन उंच्या, आणि बदलायला लागतात फक्त माझे दोन हात.

मामांनी प्लाय १९ एमएमचा, ७१० चा म्हणजे पाण्याला दाद न देणारा वापरला. एका किचनच्या कामातले उरलेले तुकडे होते, म्हणून बाराशेत बसला. मजुरी नऊशे, स्क्रू, फेविकॉल आणि खालच्या चार कोपऱ्यांचे रबर अडीचशे. एकूण २,३५०. मधोमध आतून एक आडवी फळी दिलीय, म्हणून वरचा प्लाय दबत नाही. मामांनी स्वतः आणि त्यांच्या पोराने एकदम वर उभं राहून दाखवलं. वजन साडेतेरा किलो भरलं. ती पलंगाखालून ओढून काढणं हाच पहिला व्यायाम.

आता घोळ. मला न विचारता मामांनी वरून गुळगुळीत सनमाइका चिकटवली. “बाईंच्या घरात शोभलं पाहिजे,” हे कारण. शोभली खरी. तिसऱ्या दिवशी घामाच्या पायाने उतरताना टाच सरकली आणि मी पाच किलोच्या पिशवीसकट भिंतीवर गेले. कोपर आठवडाभर निळं होतं. पेटी परत नेली, तर मामा म्हणे वर मॅट टाका. मॅट सरकते हो! शेवटी सनमाइका उपटली, पॉलिश पेपर मारला, वॉर्निशचा हात दिला आणि तो ओला असतानाच माझ्याकडची चाळलेली बारीक वाळू वरून भुरभुरवली. सुकल्यावर दुसरा हात. आता त्यावर तेल सांडलं तरी पाय धरून ठेवते. हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं, म्हणून मी पाचपैकी एक तारा कापलाय.

वाळू माझ्याकडे कुठून आली, तर पिशव्यांसाठी. त्या मात्र माझ्या हातच्या. जुन्या जीन्सचा मांडीकडचा भाग घ्यायचा, १८ नंबरची सुई, आणि शिवण रन अँड फेल, म्हणजे कड आत दुमडून वरून दुसरी टीप. पहिल्या पिशवीला आळसाने साधी टीप मारली होती. ती ऐन उचलताना उसवली आणि पुढचे दोन दिवस हॉलमध्ये पायाखाली चौपाटी. वाळू धुऊन कडक उन्हात वाळवायची, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास सुटतो. ती जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून मगच कापडात. पाच किलोला साधारण तीन लिटरचं पातेलं भरून वाळू लागते. पिशवी गच्च भरू नका, तिसरा हिस्सा रिकामा राहिला तरच बोटांना धरायला मिळतं. दोन, तीन आणि पाच किलोच्या दोन, अशा चार आहेत. वजन किराणावाल्याच्या काट्यावर करून घेतलं.

वापर असा. पूर्ण पाऊल पेटीवर, टाच बाहेर लोंबू द्यायची नाही. दोन पाय वर, दोन पाय खाली. चढताना ज्ञानोबा, उतरताना तुकाराम. या चालीत माझे मिनिटाला वीस फेरे होतात. पुढचा पाय दर मिनिटाला बदलते, नाहीतर सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो. दमाचं मापही त्यातच आहे. गजर म्हणता येतोय पण अभंग गाता येत नाही, तिथे वेग बरोबर. अभंग यायला लागला तर मी टंगळमंगळ करतेय. गजरही तुटला तर थांबायचं. मनगटावर घड्याळ लागत नाही.

सुरुवातीला सहा मिनिटांत धाप लागायची, आता पंधरा मिनिटं होतात. तीनशे फेरे, म्हणजे ६० मीटर चढ. वजन किती घटलं विचाराल तर दीड किलो, तेही गणपतीत परत आलं. पण गेल्या दिवाळीत गडावर मधे एकदाच टेकले. आमच्या ह्यांनी दोनदा, हे नोंदवून ठेवते.

देखभाल? चौदा महिन्यांत एकदा स्क्रू आवळले, एक रबर निघालं ते परत चिकटवलं. ते निघालेलं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला आधी सांगितलं, “आज पेटी लंगडतेय का हो?” म्हणून. रबर नसेल तर खालच्यांच्या डोक्यावर पाटा-वरवंटा चालतो.

उणिवा आहेत. उभी केल्यावर पेटी डुगडुगते. तिरके जोर काढायचे तर तिची पाठ भिंतीला टेकलेलीच हवी. कुशीवर टाकली की रबर फरशीला लागत नाही, मग खाली सतरंजी घालावी लागते. आणि कंटाळा येतो, तो कुठलाही सुतार काढून देऊ शकत नाही. मी त्या वेळेला आकाशवाणीच्या बातम्या लावते. गुडघ्याचं जुनं दुखणं किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा.

वहिनींनीही आता मामांकडे पेटी टाकलीय, १५ सेंटीमीटरची. मी मापांच्या चिठ्ठीवर खाली लाल पेनाने लिहून दिलंय: सनमाइका लावू नये. मामा म्हणाले, “बाई, कडेला तरी एक पट्टी?”